स्वस्त हँडहेल्ड वॉकीटॉकी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बाओफेंग यूव्ही-५आर धाटणीचा दोन बँडचा (दोन फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांचा) सेट आठ महिने जवळजवळ रोज वापरून एक मत पक्कं झालं आहे. नवशिक्याचे पहिले काही आठवडे वाया जातात ते सेटच्या दोषांमुळे नव्हे, तर तो ज्या सेटिंगवर खोक्यातून निघतो त्यामुळे. मेनूतल्या सात-आठ गोष्टी बदलल्या आणि अँटेना समजून घेतली, की हाच सेट चोख काम देतो.

आधी परवान्याचं. हा सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या मोठ्या पट्ट्यात कुठेही बोलू शकतो. त्यात जहाजांच्या, सुरक्षा दलांच्या आणि खाजगी यंत्रणांच्या फ्रिक्वेन्सीही येतात आणि सेट तुम्हाला अडवत नाही. त्यामुळे पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबण्याआधी हौशी रेडिओचा परवाना हवा. युरोपातला पीएमआर-४४६ किंवा अमेरिकेतला एफआरएस हे विनापरवाना पट्टे त्यांच्यासाठी प्रमाणित केलेल्या, न निघणाऱ्या अँटेनाच्या सेटांसाठीच आहेत. हा सेट त्यात बसत नाही. फक्त सहलीत एकमेकांशी बोलायचं असेल तर ते विनापरवाना सेटच घ्या, हा नको. परवाना यायचा असेल तोवर ऐकण्याचा सराव करा, मात्र ऐकण्याचेही नियम देशागणिक वेगळे असतात, ते आधी पाहा. संगणकावरून सेटमध्ये चॅनेल भरणाऱ्या चर्प सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चॅनेलच्या ‘डुप्लेक्स’ रकान्यात ‘ऑफ’ निवडलं की त्या चॅनेलवर प्रसारण बंद होतं. नवख्या हातांसाठी हे कुलूप फार मोलाचं आहे.

आता मेनू. मेनू ७, टीडीआर म्हणजे पडद्यावरच्या दोन्ही ओळींतल्या फ्रिक्वेन्सींवर एकदम पाळत, पहिल्या दिवशीच बंद करा. खालच्या ओळीवर कुणी बोललं की सेट काही क्षण तिकडे सरकतो. तेवढ्यात पीटीटी दाबलं तर आवाज भलत्याच फ्रिक्वेन्सीवर जातो आणि उत्तर का येत नाही हे कळत नाही. मेनू ३ ची बॅटरी-बचत चालू असताना रिसीव्हर मधूनमधून डुलकी घेतो, म्हणून समोरच्याचा पहिला शब्द अर्धा कापला जातो. बचत बंद केल्यावर बॅटरी लवकर उतरते, पण कॉलसाइनचं (परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळख-संकेताचं) पहिलं अक्षर गमावण्यापेक्षा ते परवडतं. मेनू ४ चा व्हॉक्स (आवाज ऐकून आपोआप प्रसारण) आणि मेनू ३९ चा रॉजर बीप (बोलणं संपल्यावर वाजणारा) बंद ठेवा, रिपीटरवर (आपला सिग्नल उचलून पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्रावर) तो बीप कुणालाच आवडत नाही. मेनू ९ ची बोलण्याची कमाल मर्यादा १२० सेकंदांवर ठेवा. पीटीटी चुकून पिशवीत दाबलं गेलं तर तीच तुम्हाला वाचवते.

मेनू ५ चं वाइड-नॅरो, म्हणजे सिग्नलची रुंदी, लोक विसरतात. इतर सगळे वाइडवर असताना तुम्ही नॅरोवर बोललात तर तुमचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा बारीक ऐकू जातो. दोष मायक्रोफोनला दिला जातो.

सगळ्यात जास्त डोकेदुखी रिपीटरची. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. २ मीटर बँडवर (१४४ मेगाहर्ट्झपासूनचा पट्टा) हे अंतर बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ असतं, ७० सेंटिमीटरवर (४३० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) ते प्रदेशानुसार बदलतं. मेनू २५ मध्ये अधिक की वजा ते निवडा. मेनू २६ मध्ये अंतर भरताना पडद्यावर 00.600 दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका, नुसतं सहा-शून्य-शून्य टाकून ६० मेगाहर्ट्झ भरून बसलेले पुष्कळ आहेत. मेनू १३ मध्ये रिपीटरचा टोन (तो उघडण्यासाठी आवाजासोबत जाणारा हलका सूर) भरा, उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झ. मेनू ११ चा ऐकण्याचा टोन सुरुवातीला बंदच ठेवा. तो चुकला तर हिरवा दिवा लागतो, आवाज मात्र येत नाही आणि सेट बिघडल्यासारखा वाटतो.

रिपीटर उघडला की नाही हे कसं कळणार? आपली कॉलसाइन सांगून पीटीटी सोडा. रिपीटरचा सिग्नल सोडल्यानंतरही क्षणभर रेंगाळतो, हिरवा दिवा लागलेला राहतो. दिवा लागलाच नाही तर आधी अंतराची दिशा, मग टोन, मग जागा या क्रमाने तपासा.

कीपॅडवरून रिपीटर साठवायचा तर दोनदा साठवावा लागतो. वरच्या ओळीत, फ्रिक्वेन्सी मोडमध्ये ऐकण्याची फ्रिक्वेन्सी आणि टोन भरून मेनू २७ मधून रिकाम्या चॅनेलवर टाका. मग बोलण्याची फ्रिक्वेन्सी भरून त्याच चॅनेल क्रमांकावर पुन्हा टाका. दुसरी पायरी राहिली की चॅनेल नुसता ऐकतो, रिपीटर उघडत नाही. चॅनेलला नाव कीपॅडवरून देताच येत नाही. म्हणून संगणकाला जोडायची केबल आणि मोफत मिळणारं चर्प घ्याच. नकली चिपच्या केबलला विंडोजचा नवा ड्रायव्हर स्वीकारत नाही, त्यामुळे एफटीडीआय कंपनीच्या चिपची केबल घेतलेली बरी. सेट वाचताना एरर आली तर नव्वद टक्के वेळा प्लग पूर्ण आत गेलेला नसतो, तो टक्कन बसेपर्यंत दाबा. काहीही लिहिण्यापूर्वी सेटमधली मूळ फाइल वाचून जपून ठेवा.

पल्ल्याबद्दल खोक्यावरचे दावे विसरा. दीड मीटर उंचीवर धरलेल्या सेटचं रेडिओ क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर असतं, म्हणून सपाट मोकळ्या जागेत दोघांमध्ये फार तर १०. इमारतींत ते एक-दोन किलोमीटरवर येतं. एकजण १०० मीटर उंच टेकडीवर चढला की हिशेब ४५ किलोमीटरच्या पुढे जातो. १ वॅटवरून ४ वॅटवर गेल्याने फक्त ६ डेसिबल मिळतात, सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरच्या मापाने जेमतेम एक खूण. त्यामुळे ८ वॅटच्या मॉडेलमागे धावू नका, जिना चढा.

सोबतची आखूड अँटेना २ मीटरवर कमकुवत आहे. सुमारे ४० सेंटिमीटरची लवचिक अँटेना लावल्यावर फरक लगेच कानाला जाणवतो. ह्या सेटवर पिन बाहेर आलेला एसएमए (छोटा, फिरवून बसवायचा) जोड असतो, म्हणून अँटेना एसएमए-फीमेल मागा. इतर बऱ्याच सेटना नेमकी उलटी लागते. पैसे खर्च करायचे नसतील तर साधारण ४९ सेंटिमीटर लवचिक वायर अँटेनाच्या बुडाशी, जोडाच्या बाहेरच्या धातूला नीट टेकेल अशी बांधून खाली लोंबती सोडा. ही ‘शेपटी’ २ मीटरवर अँटेनाचा हरवलेला दुसरा अर्धा भाग भरून काढते. मधल्या पिनला ती लागता कामा नये. आणि सेट उभाच धरा, आडवा धरला की ध्रुवीकरण (लहरींची उभी-आडवी दिशा) जुळत नाही आणि सिग्नल साफ पडतो.

बॅटरी ७.४ व्होल्टची लिथियम-आयन आहे. चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावर काढून घ्या आणि चार्जरमध्ये असताना बोलू नका. पावसात हा सेट टिकत नाही, पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून आवाज व्यवस्थित जातो.

छतावरची मोठी अँटेना याला जोडण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. जोडल्यावर बहुधा उलटंच होतं: रिसीव्हरच्या पुढच्या टोकाला गाळणी जवळपास नसल्यामुळे एफएम केंद्रं आणि पेजिंगसारखे जोरकस सिग्नल त्याला बहिरं करतात आणि ऐकू येणारा रिपीटरही गायब होतो. मधे बँडपास फिल्टर (हव्या पट्ट्याबाहेरचे सिग्नल अडवणारी गाळणी) लावला तर सुधारतं. नाहीतर ती अँटेना गाडीत बसवायच्या सेटसाठी राखून ठेवा.