प्रवासातल्या कॉफीसाठी फ्लास्क: तीन प्रकारच्या झाकणांची तुलना

डोंबिवलीहून सीएसएमटी हे अंतर ४८ किलोमीटरचे असले, तरी घराच्या दारापासून कचेरीतल्या टेबलापर्यंतचा वेळ धरला तर दीड-दोन तास सहज जातात. एवढ्या वेळासाठी दुहेरी भिंतींचा, मध्ये निर्वात पोकळी असलेला कोणताही बरा पोलादी फ्लास्क कॉफी गरम ठेवतो. म्हणून खोक्यावर ठळकपणे छापलेल्या '२४ तास गरम' या दाव्यावर खरेदी ठरवू नये. जपानी कंपन्या ९५ अंशांचे पाणी भरून ६ तासांनी उरणारे तापमान अंशांत छापतात, तो आकडा पाहणे अधिक उपयोगाचे. मात्र आपल्या रोजच्या प्रवासात खरी कसोटी लागते ती झाकणाची, कारण लोकलच्या रॅकवर किंवा स्कूटरच्या डिकीत बॅग कधीच उभी राहत नाही.

पहिला प्रकार आट्यांचे बूच आणि वर पेल्याचे काम करणारे झाकण, हा जुना आणि सर्वांत भरवशाचा. मिल्टनच्या थर्मोस्टीलपासून स्टॅन्लीच्या हिरव्या फ्लास्कपर्यंत अनेकांची घडण मुळात हीच आहे. आटे पूर्ण बसले आणि आतली सिलिकॉनची रिंग जागेवर असली, की फ्लास्क उलटा धरला तरी थेंब पडत नाही. हलणारे भाग कमी असल्याने बिघडण्यासारखेही फारसे काही नसते. (याच कुळातल्या काही फ्लास्कच्या बुचावर दाबून ओतण्याचे बटण असते, ते बॅगेत चुकून दाबले जाऊ नये म्हणून वरचे झाकण लावलेलेच असावे.) गैरसोय एवढीच, की प्यायला दोन्ही हात लागतात आणि पेला ठेवायला जागा लागते. उभ्याने प्रवास करणाऱ्याला गाडीत तो उघडणे अशक्यच. पण कचेरीत पोहोचल्यावरच कॉफी घेणाऱ्याने याहून महाग काही घेण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरा प्रकार बटण दाबताच उघडणाऱ्या आणि कडीने बंद राहणाऱ्या झाकणाचा. झोजिरुशीचे सडपातळ फ्लास्क हे त्याचे चांगले उदाहरण. एका हाताने उघडते, थेट तोंडाला लावता येते आणि कडी लावलेली असेपर्यंत बटण दाबले तरी झाकण उघडत नाही. खिडकीजवळ बसायला मिळणाऱ्या प्रवाशासाठी मी हाच प्रकार सुचवेन. किंमत साध्या देशी फ्लास्कच्या दुप्पट-तिप्पट पडू शकते, हे आधीच लक्षात घ्यावे. आणखी एक सावधगिरी अशी, की उत्तम निर्वात फ्लास्कमध्ये तासाभरानेही कॉफी जीभ पोळण्याइतकी गरम असते आणि येथे पेल्यात ओतून निववण्याची सोय नसते. तेव्हा भरतानाच ती थोडी निवू द्यावी.

तिसरा प्रकार कॉन्टिगोच्या 'ऑटोसील'सारखा, म्हणजे बटण दाबून धरले तरच पिण्याचे छिद्र उघडते आणि सोडले की आपोआप मिटते. मोटार चालवणाऱ्याला याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. पण कोऱ्या कॉफीसाठी बनवलेल्या या रचनेत आपली दूध घातलेली कॉफी भरली, की साय अरुंद वाटेत अडकते, झडप नीट मिटत नाही आणि नीट धुतले नाही तर दोन दिवसांत आंबूस वास येऊ लागतो. झाकणाचे आतले भाग उघडून धुता येत असतील तरच हा प्रकार घ्यावा. सरकत्या चकतीचे झाकण असलेले टंबलर मात्र या तुलनेत धरलेलेच नाहीत. ते हिंदकळणे कमी करतात, गळती थांबवत नाहीत.

'लीक-प्रूफ' या शब्दावर विसंबून मी एकदा ऑफिसची फाइल आणि चष्म्याचे घर दोन्ही कॉफीत भिजवून घेतली आहेत. दोष माझाही होता, कारण घरी तपासणी केली होती ती गार पाण्याने. गरम द्रव भरून झाकण लावले, की वरची थोडी हवा तापून प्रसरण पावते आणि कॉफीला बाहेर ढकलते; गार पाण्याला न गळणारे झाकण गरम कॉफीला गळते ते यामुळे. नवा फ्लास्क आणल्यावर त्यात गरम पाणी भरावे, तो हलवून कोरड्या वर्तमानपत्रावर तासभर आडवा ठेवावा, आणि कागद ओला झाल्यास परत करण्याची मुदत संपण्याआधी परत करावा.

आकाराबाबत, एका माणसाला ३५० मिलिलिटर पुरेसे होतात. मोठा फ्लास्क अर्धवट भरून नेऊ नये, कारण कमी कॉफी लवकर निवते. सकाळी कॉफी उकळत असताना फ्लास्कमध्ये पाच मिनिटे कढत पाणी भरून ठेवले, तर फरक स्पष्ट जाणवतो. दुधाची कॉफी दुपारपर्यंत मात्र ठेवू नये; ती कोमट झाली की दूध नासण्याची वाट मोकळी होते.

शेवटी, पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला सुटी रिंग मिळते का, हे विचारावे. पोलाद वर्षानुवर्षे टिकते, रिंग आधी सैल पडते, आणि ती बाजारात मिळत नसेल तर चांगला फ्लास्कही घरी पाणी भरून ठेवण्यापुरताच उरतो.