आठ रविवार, सॉक्रेटिस ते कांट: तालुक्याच्या वाचनालयातला तत्त्वज्ञानाचा वर्ग

होळी झाली की तालुक्याच्या या सार्वजनिक वाचनालयात पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा वर्ग सुरू होतो. कापूस वेचून झालेला असतो, तूर घरात आलेली असते, म्हणून हे दिवस. आठ रविवार, सकाळी ७ ते ९. नऊनंतर त्या टिनाखाली कुणाला बसवत नाही, हेही खरंच. फी १५० रुपये, त्यात ४८ पानांची झेरॉक्स पुस्तिका. आधीचा कसलाच अभ्यास लागत नाही.

वर्गाची खरी ताकद त्याच्या पद्धतीत आहे. पहिला अर्धा तास मोठ्यानं वाचन, फार तर तीन पानं. मग वीस मिनिटांत प्रत्येकानं वाचलेला युक्तिवाद तीन ओळींत उतरवायचा: दोन आधारविधानं, एक निष्कर्ष. उरलेला वेळ चर्चा, तिला नियम एकच. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं आधी मांडून दाखवायचं, मगच आक्षेप घ्यायचा. पहिले दोन रविवार लोक या नियमाला वैतागतात. तिसऱ्यापासून धुऱ्याच्या भांडणासारखा चढलेला आवाज खाली येतो.

सुरुवात नावांनी आणि सनावळ्यांनी होत नाही, प्रश्नानं होते. सॉक्रेटिस युथिफ्रोला विचारतो: देवांना आवडतं म्हणून एखादं कृत्य पवित्र, की पवित्र आहे म्हणून ते देवांना आवडतं? नवस-कौलाच्या मुलखात हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. इ. स. पू. ३९९ चा खटला आणि विषाचा पेला पाच मिनिटांत आटोपतात, ते बरंच आहे.

दुसऱ्या रविवारी देकार्त. १६४१ च्या ग्रंथातला त्याचा संशय वाचला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हा तर आपल्या शंकराचार्यांचा मायावाद, जग म्हणजे भास!’ इथं शिकवणारे घाई करू देत नाहीत. देकार्तचा संशय हे हत्यार आहे. इंद्रियं, स्वप्न, फसवणारा दुष्टात्मा अशा पायऱ्यांनी सगळं काढून टाकत तो ‘मी विचार करतो’ या न हलणाऱ्या विधानापाशी पोचतो आणि तिथून जग पुन्हा उभं करतो. शंकराचार्यांना जग असं परत मिळवायचं नाही. हा फरक कळला तरी १५० रुपये वसूल.

तिसऱ्या रविवारचं रसेलचं बंद घड्याळही नेमकं आहे. स्टँडवरचं घड्याळ ९:१० वर बंद पडलंय आणि तुम्ही नेमकं ९:१० लाच पाहिलंत. समजूत खरी, तिला आधारही आहे. मग ते ज्ञान का नाही? ‘आधार असलेली खरी समजूत म्हणजे ज्ञान’ ही व्याख्या मोडणारा गेटियरचा १९६३ चा तीन पानी लेख त्यानंतर सोपा जातो.

ह्यूमच्या वेळी मात्र उदाहरण चुकलंय. पुस्तिका म्हणते, ‘मृग लागला की पाऊस येतो, ही नुसती सवय आहे.’ मृग कोरडा जातो आणि दुबार पेरणी करावी लागते, हे इथल्या शेतकऱ्याला ह्यूमनं सांगायची गरज नाही. ह्यूमचा प्रश्न जिथं अनुभव एकदाही फसलेला नाही तिथं लागू होतो: उद्या सूर्य उगवेल, विस्तव भाजेल. आजवर झालं म्हणून पुढंही होईल, याला आधार काय? ‘आजवर असंच होत आलंय’ म्हटलं तर जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. मृगाच्या उदाहरणानं ऐकणारा ‘हवामानाचा भरवसा नाही’ एवढंच घेऊन घरी जातो.

एकेक फळी बदलत गेलेलं थिसियसचं जहाज तेच राहतं का, या जुन्या कोड्यात जहाजाऐवजी बंडी घेतलीय, ती छान चालते. चाकं बदलली, आस बदलला, जू बदललं. बंडी तीच का? हॉब्जची मेखही सोडलेली नाही: काढलेल्या जुन्या भागांचीच दुसरी बंडी जोडली, तर आजोबांची कोणती? तिथून लॉकचा प्रश्न सहज येतो: माणूस तोच राहतो तो शरीरामुळे, की स्मृतीमुळे?

नीतिशास्त्राला दोन रविवार. ट्रॉलीचा पेच (सुटलेली ट्राम पाच जणांवर जातेय, ती वळवून एकाचा जीव जाऊ द्यावा का?) फिलिपा फूटचा, १९६७ चा, हे बरोबर. पण ट्राम थांबवायला पुलावरून जाड्या माणसाला ढकलायचं रूपही पुस्तिका तिच्याच नावावर घालते. ते ज्युडिथ थॉमसनचं. फूटनं ट्रामच्या चालकाशी तुलनेला घेतला होता तो दंगल टाळायला निरपराध्याला फाशी देणारा न्यायाधीश. तो गाळल्यामुळे पेच नुसता कोडं होऊन बसतो.

कांटचं पुरतं वाटोळं झालंय. ज्ञानाच्या मर्यादा तपासणारा १७८१ चा ग्रंथ आणि १७८५ चं नीतिशास्त्र एकाच रविवारी, दोन तासांत! त्यात ‘बुद्धिवाद’ हा शब्द दोन अर्थांनी वापरलाय: एकदा अनुभववादाच्या विरुद्ध बाजूचा, म्हणजे ज्ञानाचं मूळ अनुभवात नाही, बुद्धीत आहे असं मानणाऱ्या देकार्त-लायब्नित्सचा, एकदा अंधश्रद्धाविरोधाचा. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरात ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू केलं, तेव्हापासून दुसऱ्या अर्थाला ‘विवेकवाद’ हा शब्द इथल्या वाचकांच्या ओळखीचा आहे. तो वापरला असता तर गोंधळ टळला असता. देवाधर्मावर भरपूर लिहिणारा लायब्नित्स बुद्धिवादी कसा, असा प्रश्न उठलाच नसता.

सात वाजताची वेळ पाणी भरायची आणि स्वयंपाकाची असते, म्हणून बाया फार कमी दिसतात. संध्याकाळची एक तुकडी हवीच. पुस्तिकेचं अक्षर बारीक आहे. चष्मा असेल तर न्या. ती शुक्रवारीच वाचनालयातून घ्या, कारण रविवारी पंचवीसच प्रती काढतात. आणि कांटच्या आधीच्या आठवड्यात शेवटची सहा पानं घरी दोनदा वाचून जा.