इंडो-जर्मन टूल रूम, चिकलठाणा: डायसाठी गेले, पत्र्याची दिशा शिकून आले

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत आमचं सात माणसांचं प्रेस शॉप आहे, म्हणजे प्रेसवर पत्रा कापून-वाकवून पार्ट बनवायचा कारखाना. दुचाकीच्या एका ब्रॅकेटला बेंडवर, म्हणजे पत्रा वाकतो तिथे, बारीक क्रॅक जात होते. अडीच एमएमचा हाय-टेन्साइल एचआर (हॉट रोल्ड) पत्रा. एका डायवाल्याने डायची, म्हणजे प्रेसमधल्या साच्याची, रेडियस (कडेची गोलाई) दोनदा घासून दिली, दोनदा बिल लावलं, क्रॅक तसेच. पत्रेवाला म्हणे डाय बघा, डायवाला म्हणे पत्रा बघा.

शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंडो-जर्मन टूल रूममध्ये गेले. भारत-जर्मनी सहकार्यातून उभी राहिलेली, केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची ही संस्था. डिझाइन, वायरकट (विजेच्या तारेने धातू कापणं), हीट ट्रीटमेंट, सीएमएम यंत्रावर मोजणी, सगळं तिथेच होतं. मी ड्रॉइंग पुढे केलं, तर डिझाइनच्या सरांनी आधी क्रॅक गेलेले तुकडे मागितले. बरं झालं, प्रेसवरच्या मामांनी पाचसहा पिशवीत टाकून दिले होते. एक तुकडा उजेडात तिरका धरून सरांनी पत्र्यावरच्या रोलिंगच्या रेघा दाखवल्या. ब्रॅकेटचे दोन बेंड एकमेकांना काटकोनात आहेत. ब्लँक, म्हणजे वाकवण्याआधीचा सपाट तुकडा, उभा कापा नाहीतर आडवा, एक बेंड रेघांना समांतर येणारच, आणि क्रॅक नेमके त्याच बेंडवर होते. उपाय काय, तर पत्र्याच्या पट्टीवर ब्लँक ४५ अंशांत बसवायचा, म्हणजे दोन्ही बेंड रेघांना तिरके पडतात.

वडिलांच्या काळापासून आम्ही पत्रा कापतोय. रेघा रोज डोळ्यांसमोर होत्या. त्या दिवशी मला फार लागलं ते.

भंगार वाढेल हे सरांनी आधीच सांगितलं. वाढलंही, पण रिजेक्शनच्या मानाने ते परवडतं. नवी ब्लँकिंग डाय तिथेच करून घेतली. लेआउट ठरताना मामांना सोबत नेलं होतं. पट्टी अडवणारा स्टॉपर पुढून असला तर पट्टी सरकवताना हात आत जातो, असं ते म्हणाले. सरांनी लगेच स्टॉपर बाजूला घेतला, ड्रॉइंग बदललं. माझ्या मते खरं काम त्या अर्ध्या तासात झालं.

साध्या धार लावण्याच्या कामाला इतक्या लांब जाऊ नका, ते गल्लीतल्या माणसाकडे होतं. अडलेला पार्ट असेल तर जरूर जा. खराब तुकडे न्या, प्रेसचं टनेज (दाबाची ताकद) आणि शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची) लिहून न्या. आणि प्रेसवरचा माणूस न्याच. एक पाळी बुडते, बुडू द्या.