इंजिन फिरते, पण पकडत नाही : न बदललेल्या पंपाचे आणि ईसीएमचे पैसे मी कसे भरले

माझी गाडी सोळा वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी आणि मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शनची आहे. तिच्यातील एका बोटभर लांबीच्या सेन्सरमध्ये दोष होता. तो शोधण्याऐवजी एका गॅरेजवाल्याने न बदललेल्या पेट्रोल पंपाचे आणि नंतर न बदललेल्या ईसीएमचे (इंजिनाचे काम चालवणाऱ्या संगणकाचे) पैसे माझ्याकडून घेतले. दोन्ही वेळा गाडी चालू झाली, त्यामुळे दोन्ही वेळा मी त्याचे आभारही मानले. जुनी गाडी बाळगणाऱ्या आणि तिच्या बॉनेटखालचे फारसे न कळणाऱ्या माझ्यासारख्यांना ही युक्ती आधीच माहीत असावी, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

गाडीचे दुखणे असे होते. सकाळी थंड असताना ती अर्ध्या सेल्फला चालू होत असे. अर्धा-पाऊण तास चालवून मी ती कोठे उभी केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत आले, की सेल्फ जोमात फिरे, डॅशबोर्डवरचे दिवे मंदही होत नसत, पण इंजिन पकडत नसे. तासाभराने तीच गाडी काही घडलेच नाही अशा थाटात चालू होई. गाडी केवळ गरम असतानाच दगा देते, हे मी गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते. निदानाच्या दृष्टीने माझ्या बोलण्यातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच होते, हे मला फार उशिरा समजले. त्याला ते त्याच क्षणी समजले असावे, असा माझा दाट संशय आहे.

गाडी जेथे अडली होती तेथे तो स्वतः आला. त्याने मला मागच्या सीटवर बसवले, आपल्या पोऱ्याला सेल्फ मारायला सांगितले आणि म्हणाला, "ताई, सीटला कान लावा. पंपाचा आवाज येतोय का?" आवाज येत नव्हता. "पंप गेला," असे सांगून त्याने गाडी गॅरेजमध्ये ओढून नेली. मी स्वतःच्या कानांनी खात्री केली होती, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला, की नवा पंप टाकला आहे आणि गाडी एका सेल्फमध्ये चालू होते आहे. ती चालू होणारच होती, कारण ती रात्रभर थंड झालेली होती.

त्या प्रात्यक्षिकात लबाडी कोठे होती, हे थोडे समजून घेतले पाहिजे. अशा गाड्यांमध्ये पेट्रोल पंप टाकीच्या आत असतो. चावी 'ऑन' केली, की ईसीएम तो साधारण दोन सेकंद चालवतो, आणि मागच्या सीटखालून बारीक गुणगुण ऐकू येते. त्यानंतर इंजिन खरोखर फिरते आहे असा इशारा क्रँक सेन्सरकडून (इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, फिरतो का हे टिपणाऱ्या सेन्सरकडून) मिळाला, तरच पंप पुढे चालू ठेवला जातो. तो इशारा आला नाही, तर ईसीएम पंप बंद ठेवतो, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उघडत नाही आणि स्पार्क प्लगला करंटही देत नाही. माझा पंप गप्प होता तो मेला होता म्हणून नव्हे, तर त्याला कोणी 'चाल' म्हणत नव्हते म्हणून. शिवाय सेल्फच्या घरघरीत धडधाकट पंपही सहसा ऐकू येत नाही. पंपाची परीक्षा सेल्फ न मारता, फक्त चावी 'ऑन' करून घ्यायची असते, आणि नेमके तेवढेच त्याने केले नाही. ती दोन सेकंदांची गुणगुण मी कित्येक वर्षे ऐकत आले होते. ती कशाची आहे, हे मात्र मला माहीत नव्हते.

नऊ दिवसांनी गाडी पुन्हा तशीच अडली. या वेळी त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला, लाल अक्षरांतली एक ओळ माझ्यापुढे धरली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले, "बघा, ईसीएमचा एरर आलाय. ईसीएम उडाला. एवढ्या जुन्या गाडीचा नवा मिळत नाही, ओळखीतून मागवावा लागेल." मी त्या पडद्याचा फोटो काढून ठेवला. त्यामागे काही चातुर्य नव्हते. एवढा खर्च कशाचा, हे घरी दाखवता यावे, इतकाच हेतू होता. गाडी चार दिवस त्याच्याकडे राहिली, पुन्हा सकाळच्या गारव्यात माझ्या ताब्यात आली आणि एका सेल्फमध्ये चालू झाली. माझ्या महिन्याच्या पगारातला मोठा वाटा त्या दिवशी गेला. जुना ईसीएम मागितला, तेव्हा तो बदलीत द्यावा लागला, असे उत्तर मिळाले. जुना पंपही याआधीच भंगारात गेलेला होता.

तिसऱ्यांदा गाडी अडली तेव्हा त्याने संपूर्ण वायरिंग बदलण्याची भाषा सुरू केली, आणि मी गाडी तेथून हलवली. ओळखीच्या एकाने एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मला दहा मिनिटे प्रश्न विचारले, आणि मग एक विलक्षण गोष्ट केली : मला शेजारी बसवून त्यांनी गाडी पाऊण तास फिरवली, बंद केली आणि निवांत उभी ठेवली. "दोष समोर आल्याशिवाय मी हत्यार उचलत नाही," असे ते म्हणाले. पहिल्या गॅरेजमध्ये आणि येथे काय फरक होता, तो या एका वाक्यात आहे. इंजिन बंद केल्यावर पाण्याचे आणि वाऱ्याचे फिरणे थांबते, त्यामुळे बॉनेटखालची उष्णता काही मिनिटे उलट वाढते. बाराव्या मिनिटाला सेल्फ मारला, आणि इंजिन पकडले नाही.

त्यांनी मला आरपीएमच्या काट्याकडे पाहायला सांगितले. पुष्कळ गाड्यांमध्ये सेल्फ फिरत असताना तो काटा जागचा किंचित हलतो. माझ्या गाडीचा थंड असताना हलत असे, आता तो शून्यावर मेल्यासारखा पडून होता. स्पार्क प्लगची ठिणगी तपासली, ती नव्हती. सेल्फ न मारता चावी 'ऑन' केली, तर पंप व्यवस्थित गुणगुणला. मग त्यांनी स्कॅनर लावला आणि मी फोनमधला फोटो काढला. दोन्हींकडे एकच कोड होता : पी ०३३५. हा कोड सर्व कंपन्यांच्या गाड्यांत सारखाच असून त्याचा अर्थ 'क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष' असा आहे. पहिल्या माणसाने उत्तर माझ्या डोळ्यांपुढे धरले होते आणि मला वाचता येत नसल्याचा फायदा घेऊन त्याला ईसीएमचे नाव दिले होते.

कोड दिसला म्हणून त्यांनी लगेच सेन्सर बदलला नाही, हेही नोंदवले पाहिजे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा प्लग (तारांची जोडणी) आणि ईसीएमपर्यंतच्या तारा, यांपैकी काहीही असू शकते. त्यांनी आधी तारा तपासल्या, मग सेन्सरचा प्लग सोडवून मल्टिमीटरच्या दोन्ही सुया त्याच्या टोकांना लावल्या. मीटरवर काहीच येईना. आतली तार कोठेतरी तुटलेली असावी तसे. त्यांनी सेन्सरवर ओला फडका दाबून धरला. सहा-सात मिनिटे आम्ही दोघेही त्या मीटरकडे बघत उभे होतो. आकडे एकदा लुकलुकले, गेले, पुन्हा आले आणि ८७० ओहमवर स्थिर झाले. प्लग जोडून सेल्फ मारला, आणि इंजिनाने पकडले. या प्रकारच्या सेन्सरमध्ये चुंबकाभोवती अतिशय बारीक तारेचे वेटोळे असते. तारेला कोठे तडा गेला, की उष्णतेने प्रसरण होऊन ती टोके सुटतात आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकतात. ही ओहमची परीक्षा दोन तारांच्या सेन्सरलाच लागू पडते; तीन तारांचा हॉल प्रकारचा (वेटोळ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक चिपवर चालणारा) सेन्सर अशा रीतीने मोजू नये. नवा सेन्सर एका बोल्टवर बसला. माझ्या दोन्ही बिलांच्या मानाने त्याची किंमत सांगायलाही लाज वाटावी इतकी कमी होती.

येथपर्यंत ही चुकीच्या निदानाची गोष्ट आहे, आणि चुकीचे निदान प्रामाणिक मेकॅनिककडूनही होते. अधूनमधून येणारा दोष भल्याभल्यांना चकवतो. फसवणूक उघड झाली ती नंतर. ईसीएम बदलल्याचे मी सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, "चाव्या नव्याने कोड करून घेतल्या का?" चाव्या जुन्याच होत्या आणि कोणी त्यांना हातही लावला नव्हता. माझ्या गाडीत इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा, आहे. दुसऱ्या गाडीचा ईसीएम बसवला, तर त्याची आणि चाव्यांची जुळणी करावी लागते, एरवी तो गाडी चालूच होऊ देत नाही. मग त्यांनी मागची सीट उचलली. पंपावरच्या पत्र्याच्या झाकणाला चार स्क्रू होते, आणि चारही स्क्रूंच्या खाचा कित्येक वर्षांच्या धुळीने काठोकाठ भरलेल्या होत्या. त्यांनी टोकदार हत्याराने एका खाचेतली धूळ उकरली, ती वाळलेल्या मातीच्या पापुद्र्यासारखी अखंड बाहेर आली. त्या स्क्रूला गेल्या महिन्यात कोणी स्क्रूड्रायव्हर लावला असणे शक्यच नव्हते. धूळ साफ करण्याआधी मी फोटो काढले. या वेळी मात्र जाणूनबुजून.

गाडी गरम असताना अडते आणि थंड झाल्यावर चालू होते, अशा दोषात मधल्या वेळेत केलेले कोणतेही काम यशस्वी ठरते. काहीच न करणेसुद्धा. म्हणून आता मी काय करते, ते सांगते. गाडी ताब्यात घेण्याआधी ज्या अवस्थेत ती अडत होती तीच अवस्था पुन्हा आणायला लावते, मग त्यात एक तास गेला तरी चालेल. काम देण्याआधी ईसीएमवरच्या क्रमांकाच्या पट्टीचा फोटो काढते आणि जो भाग बदलायचा म्हणतात त्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका लावते. जुना भाग परत हवा, हे काम झाल्यावर नव्हे, काम सांगतानाच बोलते. स्कॅनरवर आलेला कोड अक्षर-अंकांसह लिहून घेते आणि घरी त्याचा अर्थ पाहते.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, या तक्रारीत पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि टायमिंग (वॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ) यांपैकी काहीतरी कमी पडते आहे, एवढेच सिद्ध होते; कोणता भाग गेला, ते नव्हे. काही खुणा मात्र आपल्यालाही टिपता येतात. सेल्फचा आवाज एकाएकी हलका, वेगवान आणि एकसुरी झाला असेल, तर हा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घेऊन सेल्फ मारणे ताबडतोब थांबवावे, कारण काही इंजिनांत त्यामुळे वॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. चावीचे चिन्ह असलेला इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहिला, तर दुसरी चावी लावून पाहावी. पंपाचा संशय कोणी व्यक्त केला, तर पेट्रोलचा दाब गेजवर मोजून दाखवायला सांगावे. मल्टिपॉइंट गाड्यांत तो बहुधा ३ बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास असतो, आणि ते काम काही मिनिटांचे आहे. ठिणगीची परीक्षा स्वतः करू नये. तेथे पेट्रोलची वाफ असू शकते.

फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये गेले. धुळीने भरलेल्या स्क्रूंचे फोटो पाहिल्यावर त्याने पोऱ्यावर खापर फोडले आणि थोड्या वादावादीनंतर पंपाचे पैसे परत केले, कारण त्या बिलावर 'नवीन पंप' असे स्पष्ट लिहिलेले होते. ईसीएमचे पैसे त्याने दिले नाहीत. त्या बिलावर त्याने 'ईसीएम काम' एवढेच लिहिले होते, आणि ते दोन शब्द पैसे देताना मी वाचलेही होते.