1100 जीपीएचचा बिल्ज पंप: पंप चांगलाय, खोक्यावरचा आकडा विसरा

बोटीच्या तळात, म्हणजे बिल्जमध्ये, साचलेलं पाणी उपसायला बसवायचा 12 व्होल्टचा सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) पंप, 1100 जीपीएचवाला, म्हणजे तासाला 1100 गॅलन, सोबत फ्लोट स्विच (पाणी वाढलं की तरंगून पंप आपोआप चालू करणारा) वेगळा. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण जे सांगायचंय ते या साइजच्या जवळपास सगळ्याच पंपांना लागू आहे.

आधी आकडा. 1100 गॅलन म्हणजे तासाला साधारण 4160 लिटर, म्हणजे 20 लिटरची बादली 17-18 सेकंदात भरायला पाहिजे ना? बोटीत फिट केल्यावर पाईपाच्या तोंडाला बादली धरून मोबाईलवर टायमर लावला तर पस्तीसच्या आसपास गेला. पंपात खोट नाही हो, तो आकडा पाणी अजिबात वर न चढवता मोजलेला असतो आणि तोही बहुतेक वेळा 13.6 व्होल्टवर. बोटीत पाणी मीटरभर वर चढणार, पाईप दोन ठिकाणी वळणार, इंजिन बंद असलं की बॅटरी बारावर, त्यामुळे निम्मंच धरून चाला. आणि मोठा पंप घ्यायच्या आधी पाईप बघा. आतून खाचाखाचांचा पाईप काढून गुळगुळीत टाकला, पंपाच्या तोंडाच्याच मापाचा, तर बादली बरीच लवकर भरायला लागली. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) मात्र मी बसवणार नाही, फ्लो कमी करतो आणि कचऱ्याने चिकटला की पंप नुसता घुं घुं करत बसतो.

आता ‘दणकट पंप घेतला की बोट बुडत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी. पाण्याच्या रेषेखाली एक फुटावर दोन इंची भोक, म्हणजे समजा सीकॉकवरचा (बोटीच्या तळातल्या भोकावरचा बंद करायचा कॉक) पाईप निसटला, तर सेकंदाला 3 लिटरच्या आसपास पाणी आत घुसतं, तासाला 10 हजारांच्या वर. आपला पंप खरा उपसतो दोन-अडीच हजार. करा हिशोब! शाफ्टच्या ग्लँडमधून (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथलं सील) ठिबकणारं आणि पावसाचं पाणी काढणं हे त्याचं काम, भोक पडल्यावर तो फक्त थोडा वेळ मिळवून देतो, तेवढ्यात सीकॉक बंद करायचा नाहीतर निमुळतं लाकडी बूच ठोकायचं. बूच प्रत्येक सीकॉकलाच बांधून ठेवा, ऐनवेळी कुठे शोधत बसणार.

तक्रार आहे ती सोबतच्या फ्लोट स्विचबद्दल. केबल टायचा कापलेला एवढासा तुकडा बिजागरीत अडकला, फ्लोट वरच राहिला आणि पंप कोरडाच फिरत बॅटरी खाऊन बसला. फ्लोट खाली अडकला असता तर उलटं, पाणी भरलं तरी पंप गप्प. जाळीवाला स्विच घ्या, थोडा महाग पडतो पण घ्याच.

वायरिंग करताना ऑटोची (फ्लोट स्विचवर आपोआप चालायची) लाईन मेन स्विचवरून घेऊ नका, फ्यूज लावून सरळ बॅटरीवरून घ्या, नाहीतर तुम्ही सगळं बंद करून घरी जाणार आणि पंपही बंद. फ्यूज कंपनीने दिलाय तेवढाच, इम्पेलर (पंपातला पाणी ढकलणारा पंखा) अडकला की मोटर जास्त करंट ओढते आणि मोठा फ्यूज असेल तर वायर तापते. जॉइंट पाण्याच्या वर. शिवाय थोड्या उंचीवर दुसरा फ्लोट आणि बझर लावून टाका, पहिला झोपला तर निदान कळेल तरी.

पंपाला पाचापैकी चार, स्विचला दोन. मोटर खटकन निघते, पाईप सोडावा लागत नाही, त्यामुळे साफसफाई पाच मिनिटांचं काम.