पाय हलला, आणि आम्ही सहा दिवस गमावले

माझा बंड्या हा डॅशहुंड जातीचा कुत्रा सहा वर्षांचा असताना एका सकाळी पलंगावरून उतरताना कळवळला आणि दुपारपर्यंत त्याचे मागचे पाय लटपटू लागले. मणक्यातली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला असावा, अशी शंका आमच्या पशुवैद्यांनी व्यक्त केली. त्यांनी त्याला पिंजऱ्यात ठेवून पूर्ण विश्रांती देण्यास सांगितले आणि एमआरआयसाठी तज्ज्ञ शल्यचिकित्सकांकडे लगेच जाण्याचा सल्ला दिला. पाठीच्या शस्त्रक्रियेच्या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा आला होता, आणि त्या भीतीपोटी मी एका परिचितांच्या सांगण्यावरून विजेच्या मशीनने उपचार करणाऱ्या एका गृहस्थांना घरी बोलावले. ते पशुवैद्य आहेत का, हे मी विचारलेही नाही.

त्यांनी मांडीला दोन पॅड लावून बटण फिरवताच बंड्याचा लुळा पाय ताडकन आखडला. "बघा ताई, नस जागी झाली," असे ते म्हणाले आणि मला रडूच कोसळले. वीस बैठकांचे पैसे मी तिथल्या तिथे आगाऊ दिले. पावती मागण्याचे भानही राहिले नाही. औषधांमुळे प्रवाह अडतो म्हणून ती बंद करा आणि कुत्र्याला पिंजऱ्याबाहेर काढून चालवा, असे त्यांनी बजावले, आणि मी तेही ऐकले.

तो पाय का हलला, हे मला फार उशिरा समजले. विजेचा प्रवाह स्नायूकडे जाणाऱ्या चेतातंतूला थेट चेतवतो, त्यासाठी मेंदूकडून निरोप यावा लागत नाही. त्यामुळे मज्जारज्जू पुरता निकामी झालेला असला तरी पाय झटका देतोच. लुईजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाच्या पायांवर केलेले असेच प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले होते. जे मेलेल्या बेडकाच्या पायातही घडते, ते बंड्या बरा होत असल्याचा पुरावा म्हणून मला रोज दाखवले जात होते.

चौथ्या दिवशी तो मागचे दोन्ही पाय फरफटू लागला, तेव्हा 'आतला दोष बाहेर पडतो आहे' असे उत्तर मिळाले. अंथरुणावर लघवीचे थेंब दिसू लागले, तर तीही सुधारणाच ठरली. प्रत्यक्षात मूत्राशय चेंडूसारखे टणक भरले होते आणि लघवी नुसती ओसंडून गळत होती. त्या गृहस्थांनी पॅडखालचे केस एकदाही काढले नव्हते. केसांमधून प्रवाह नीट जात नाही, म्हणून ते जोर वाढवत गेले आणि सहाव्या दिवशी मांडीवर नाण्याएवढा भाजल्याचा डाग उठला. बंड्या कण्हलासुद्धा नाही. "त्याला छान सोसते आहे," असे ते म्हणाले, पण त्या पायातली संवेदना तोवर गेलेली होती, आणि जिथे संवेदना नाही तिथे जाणकार माणूस विजेचा वापर अतिशय जपून करतो.

त्याच संध्याकाळी मी तज्ज्ञांकडे धावले. त्यांनी चिमट्याने मागच्या पायाचे बोट जोरात दाबले. पाय मागे ओढला गेला, पण बंड्याने वळून पाहिले नाही. पाय ओढणे ही मज्जारज्जूतलीच प्रतिक्षिप्त क्रिया असते, वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असती तर त्याने मान वळवली असती, असे त्यांनी समजावले. ही खोल वेदना शाबूत असेपर्यंत शस्त्रक्रिया झालेली बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. ती गेल्यावर मात्र ती शक्यता साधारण निम्म्यावर येते. बंड्या दुसऱ्या निम्म्यात गेला.

पैसे परत मागितल्यावर "बरा होईल असे मी कधी म्हटले?" असे त्या गृहस्थांनी मलाच विचारले आणि नंतर फोन घेणे बंद केले.

आज बंड्याच्या मांड्यांना विजेचेच उपचार चालू आहेत, पण ते पशुवैद्यांच्या देखरेखीखाली, केस काढून, जेल लावून आणि नेमक्या मात्रेत. स्नायू झडू नयेत एवढाच त्यांचा हेतू असून यातून तो चालू लागणार नाही, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. हीच गोष्ट कोणी तुम्हाला आधी सांगत नसेल, निदान न करताच मशीन लावत असेल किंवा चालू औषधे बंद करायला सांगत असेल, तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

आमच्या पशुवैद्यांनी पहिल्या दिवशी दिलेला केसपेपर अजून माझ्या खणात आहे. त्या दिवशी त्यांनी बोट दाबले तेव्हा बंड्या किंचाळून चावायला वळला होता. 'खोल वेदना : आहे' अशी त्यावर नोंद आहे.