दहा महिने, 210 पुस्तकं आणि गंजलेली पिन: बालवाचनालयाच्या तयार संचाचा अनुभव

सोसायट्यांना आणि वाचनकट्ट्यांना विकला जाणारा 'बाल-कुमार वाचनालय संच' बहुतेकांनी पाहिलेला असतो. दोन खोकी, एक छापील यादी, एक देवघेव वही आणि प्रत्येक पुस्तकावर वयोगटाचा रंगीत स्टिकर. आत काय असतं ते पुन्हा सांगत नाही. आमच्याकडचा संच 210 पुस्तकांचा, 18,400 रुपयांना पडला. म्हणजे एका पुस्तकाला 88 रुपयांच्या आसपास. जानेवारीत कपाटात लागला, मे महिन्याच्या सुट्टीत धो धो वापरला गेला आणि पावसाळ्यात त्याचं खरं रूप दिसलं.

पहिलं गाऱ्हाणं पिनेचं. 210 पैकी 94 पुस्तकं मधोमध पिन मारलेली आहेत. 16 ते 32 पानांचं पातळ चित्रपुस्तक, घडीवर दोन लोखंडी पिना. मे महिन्यापर्यंत काही जाणवत नाही. जुलैत पिनेभोवती तांबूस कडं दिसायला लागतं, मग तो डाग पलीकडच्या पानावर उतरतो. सप्टेंबर संपेपर्यंत 38 पुस्तकं अशी झाली होती. प्रश्न फक्त डागाचा असता तर सोडून दिला असता. गंज कागदाचे तंतू खातो, पिनेभोवतीचा कागद ठिसूळ होतो आणि सगळ्यात आधी मधली जोडपानं सुटून हातात येतात. त्यानंतर मुखपृष्ठ. ते जाड असतं आणि मुलं पुस्तक मुखपृष्ठाला धरूनच ओढतात, त्यामुळे पिनेच्या भोकापाशी फाटत जातं. मधलं पान हरवलं की गोष्टीतला नेमका कळीचा प्रसंग जातो, कारण बत्तीस पानी पुस्तकात गोष्ट वळण घेते ती बरोबर तिथेच.

विक्रेत्याकडे तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: "ही वापरातली झीज आहे." फोटो पाठवले, तीनदा फोन केले, तेव्हा पाच पुस्तकं बदलून आली. तीही पिनेचीच.

म्हणून दुरुस्ती घरीच करावी लागते आणि ती अवघड नाही. पिन ओढून काढायची नाही. पुस्तक मधोमध उघडायचं, पिनेचे दुमडलेले पाय बोथट सुरीच्या टोकानं सरळ करायचे, खाली पोस्टकार्ड सरकवायचं म्हणजे पानाला ओरखडा जात नाही, आणि मग बाहेरच्या बाजूनं पिन उचलायची. जुन्या भोकांतून शिवू नका, ती आधीच कमकुवत झालेली असतात. दाभणानं घडीवर तीन नवी भोकं पाडा: एक बरोबर मध्ये, दोन वरच्या-खालच्या कडेपासून दोन-दोन सेंटिमीटर आत. पुस्तक मोठ्या आकाराचं असेल तर पाच. दोरा पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट घ्या, मेणबत्तीवरून दोनदा ओढा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, बाहेरून वरच्या भोकात घालायची, आतून मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत, मग त्या टाक्याला कवेत घेऊन गाठ. टोकं एका बाजूला आली तर शिवण सैल राहते आणि महिन्याभरात पानं डुलायला लागतात. हात बसला की एका पुस्तकाला सात-आठ मिनिटं पुरतात. दाभण, सुई आणि दोऱ्याचं रीळ मिळून 140 रुपये खर्च आला.

गंजाच्या डागाला लिंबू वगैरे लावू नका. डाग फिका होईल, पण आम्लानं कागद आणखी ठिसूळ होईल. फाटलेल्या जागी सेलोटेपही नको. तो वर्षभरात पिवळा पडतो, त्याचा डिंक बाजूला पाझरतो आणि शेजारचं पान चिकटतं. पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल आणि पातळ, चिवट कागदाची पट्टी पुरे. रात्रभर वजनाखाली ठेवायचं, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा कागद घालून.

एप्रिलमध्ये हा अनुभव लिहिला असता तर संच उत्तम म्हटलं असतं, आणि ऑगस्टमध्ये अजिबात घेऊ नका म्हटलं असतं. आता मत यांच्या मधे कुठेतरी आहे. ते बदललं त्याला शिवणीइतकाच दुसरा बदल कारणीभूत आहे: वयोगटाचे स्टिकर काढून टाकले.

हे स्टिकर सुरुवातीला फार सोयीचे वाटले होते. 3 ते 6 पिवळा, 7 ते 9 हिरवा, 10 ते 12 निळा, 13 ते 16 लाल. मूल आलं, वय विचारलं, रंग दाखवला, शिफारस झाली. देवघेव वहीत मात्र निळी पुस्तकं तीन दिवसांत परत येताना दिसायला लागली. कारण अगदी साधं आहे. त्या एका आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत: मुलाला किती अवघड मराठी वाचता येतं आणि त्याला कशात रस आहे. इंग्रजी माध्यमातल्या पाचवीच्या मुलाचं मराठी वाचन पुष्कळदा दुसरी-तिसरीच्या पातळीवर असतं, पण त्याला सशाची गोष्ट नको असते. निळं पुस्तक तिसऱ्या ओळीला अडतं, आणि मित्रांसमोर हिरवं उचलायला तो तयार नसतो. मग तो काहीच नेत नाही.

स्टिकर काढायचा तर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा वीसेक सेकंद द्यायची आणि कोपऱ्यापासून हळू सोलायचा. उरलेला चिकटपणा निलगिरी तेलाच्या बोळ्यानं जातो, पण हे लॅमिनेशन असलेल्या मुखपृष्ठावरच करायचं. साध्या कागदावर तेलाचा डाग कायमचा राहतो. स्टिकरच्या जागी मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं दोन आकडे लिहिले: भरलेल्या पानावर किती ओळी, आणि एक प्रकरण किती पानांचं. मुलांचं तिकडे लक्ष जात नाही, पुस्तक सुचवणाऱ्याला मात्र एका नजरेत कळतं. बारा ओळी आणि चार पानांचं प्रकरण असेल तर अडखळत वाचणारं मूलही ते तडीला नेतं. तीस ओळी आणि प्रकरणंच नाहीत, असं पुस्तक विषय कितीही चांगला असला तरी नवशिक्याला द्यायचं नाही.

पातळी ठरवण्याचा चांगला नमुना पाहायचा तर प्रथम बुक्सनं 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पाहावा. तिथे वयाऐवजी मजकुरावरून पातळ्या पाडलेल्या आहेत: पहिली साधारण 250 शब्दांच्या आत, दुसरी 600 पर्यंत, तिसरी 1500 पर्यंत, चौथी त्याहून लांब. मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि खुल्या परवान्यामुळे त्या फुकट उतरवून छापताही येतात. छापल्यावर मधोमध दोऱ्यानं शिवा. पिन मारलीत तर वरचे गंजाचे आणि शिवणीचे परिच्छेद पुन्हा वाचावे लागतील.

मूल समोर उभं असताना पुस्तक कसं पारखायचं, याची एक पद्धत दहा महिन्यांत बसली. पुस्तक मधेच कुठेतरी उघडून आठ-दहा ओळी वाचायला सांगायच्या. पहिलं पान नको, ते लेखकानं घासूनपुसून सोपं केलेलं असतं. पाचपेक्षा जास्त वेळा अडलं तर पुस्तक परत, हा नियम सगळे सांगतात. मराठीत तो जसाच्या तसा लावला तर निम्मं कपाट बाद होईल, म्हणून अडणं कसलं आहे ते पाहायचं. 'कर्तृत्व', 'उत्स्फूर्त' अशा जोडाक्षराला मूल थांबलं, फोडून वाचलं आणि पुढे गेलं, तर ते अडणं मोजायचं नाही. 'पडवी' किंवा 'फडताळ' अशा जुन्या घरातल्या शब्दाला अडलं तर अर्थ सांगून मोकळं व्हायचं. पण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात कशी होती तेच विसरलं, पुन्हा मागे गेलं, असं दोनदा झालं की ते पुस्तक आज द्यायचं नाही.

"तुला काय आवडतं?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, उत्तर "काहीही" असं येतं. "मागचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस, आणि कुठे?" असं विचारा. पहिल्या दहा पानांत सोडलं असेल तर भाषा किंवा अक्षराचा आकार आडवा आला. मधे सोडलं असेल तर गोष्ट रेंगाळली. देवघेव वहीत 'अर्धवट' असा एक रकाना वाढवा, संचासोबत येणाऱ्या छापील वहीत तो नाही. तीन महिन्यांनी तो रकाना छापील यादीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता पुस्तकांबद्दल. लहान मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांची यश आणि राधाची पुस्तकं आहेत, त्याबद्दल तक्रारच नाही. घरातल्या बोलण्यासारखी वाक्यं आणि चित्रांत शोधायला भरपूर. ती सारखी बाहेर असतात, दोन-दोन प्रती हव्या होत्या. वाचता येतं पण मराठी कच्चं आहे अशा दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी सगळ्यात यशस्वी ठरला 'चिंटू'. 1991 पासून वर्तमानपत्रात आलेली चित्रपट्टी, मोजकी चित्रं, फुग्यातलं छोटं वाक्य, आणि विषय बाळबोध नाही. कॉमिक्स म्हणजे वाचन नव्हे, असं म्हणणाऱ्या पालकांशी वाद घालू नका, पुस्तक मुलाच्या हातात द्या.

त्याच्या पुढची पायरी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल आणि त्याचं ते 'ट्टॉक'. भाषा आता जुनी वाटते, त्यामुळे नुसतं "हे वाच" म्हणून दिलं तर परत येतं. पहिली काही पानं मोठ्यानं वाचून दाखवायची, भानगड सुरू झाली की तिथेच थांबून पुस्तक हातात ठेवायचं. एकदा लागलं की मालिकेतली पुढची पुस्तकं मुलं आपणहून मागतात, क्रम पाळायची गरज नाही. 'वाचू आनंदे'चे बाल आणि कुमार गटाचे भाग संचात नव्हते, वेगळे घेतले. वेगवेगळ्या लेखकांचे उतारे असल्यामुळे पुढे काय सुचवायचं याचा अंदाज त्यातून लवकर येतो. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं, जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. एवढं असताना संचात बोधकथांची सात सुमार पुस्तकं का भरली, ते भरणाऱ्यालाच ठाऊक.

लाल स्टिकरचा, म्हणजे 13 ते 16 चा भाग मात्र शुद्ध फसवणूक आहे. 42 पुस्तकांपैकी निम्म्याहून जास्त थोर पुरुषांची ऐंशी पानी चरित्रं आणि सामान्यज्ञान. नववीतल्या मुलीला ती कशाला हवीत? यातली 19 पुस्तकं दहा महिन्यांत एकदाही बाहेर गेली नाहीत. त्यांच्या जागी चार-पाच पुस्तकं वेगळी आणली. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' सडपातळ आहे म्हणूनच आधी उचलली जाते. मिलिंद बोकील यांची 'शाळा' नववीतल्या मुलाची, आणीबाणीच्या काळातली. तिच्यात शिव्या आहेत, हे पालकांना आधीच सांगून ठेवा, नंतर ऐकून घ्यावं लागत नाही. राम पटवर्धनांनी अनुवाद केलेलं 'पाडस' जाड आहे, सुरुवात संथ आहे आणि शेवट जिव्हारी लागतो. प्राण्यांवरची दोन-तीन पुस्तकं आवडीनं संपवलेल्या वाचकालाच ते द्यावं.

प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'बाबत एक चूक हमखास होते. त्यातला नायक लंपन लहान आहे म्हणून ते दहा वर्षांच्या मुलाला दिलं जातं. नायकाचं वय पाहून वाचकाचं वय ठरवता येत नाही. कानडी वळणाची ती भाषा आणि न बोललेल्या गोष्टी चौदा-पंधराव्या वर्षी पोचतात. दहाव्या वर्षी दिलं तर कायमचं बाद होतं.

कुमारवयीन मुलांना टेबलावरून, चारचौघांत पुस्तक सुचवू नका. तीन पुस्तकं काढायची: एक सहज संपणारं, एक बरोबरीचं, एक जरा दमवणारं. ती मुखपृष्ठं वर करून कट्ट्यावर ठेवायची आणि तिथून बाजूला व्हायचं.

दुसरा संच घेणार नाही. तेवढ्या पैशांत निवडून साठ-सत्तर पुस्तकं येतात, त्यात शिवलेल्या बांधणीची जास्त. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी मागणीपत्रात दोन ओळी घालाव्यात: पिन स्टेनलेस स्टीलची हवी आणि कुमार गटाची यादी आधी पाठवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, पावसाळ्यात ओल भिंतीतून येते. आमच्या 94 पैकी 47 पुस्तकं शिवून झाली. शिवलेल्याच्या मधल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'शि' लिहिलंय. ज्यावर 'शि' नाही ते पुस्तक परत आलं की कपाटात न लावता दुरुस्तीच्या खोक्यात टाकायचं, म्हणजे जूनच्या आत उरलेली 47 हातावेगळी होतील.